पिंजऱ्यातला लावा आणि कुत्र्याचे नाक

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, कॉकर स्पॅनियल, पॉइंटर. गोव्यातल्या आणि कोकणातल्या घरांच्या फाटकाआड दिसणाऱ्या या जाती मुळात राखणीसाठी घडलेल्या नाहीत. युरोपातल्या शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत त्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवल्या. पॉइंटर आणि सेटर दडलेला पक्षी वासावरून हेरतात आणि जागच्या जागी थिजून उभे राहतात, स्पॅनियल झुडपे धुंडाळून पक्षी उठवतो, रिट्रिव्हर पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून मालकाकडे आणून देतो. असा कुत्रा घरी आला, की हौशी मालकाला त्याच्या अंगचे कसब जागे करावेसे वाटते. परदेशी पुस्तके आणि चित्रफिती पाहिल्या, तर तिथे शिकवणाऱ्यांच्या परसात लावे, कबुतरे, चुकार तितर पाळलेले दिसतात. मग मनात येते, गोव्यातल्या मांद्रेच्या एखाद्या भाटात चार लावे पिंजऱ्यात ठेवून आपणही कुत्रा शिकवला तर काय बिघडले? माझे उत्तर स्पष्ट आहे: हे करू नये. कायदा आड येतो हे खरेच, पण नुसत्या कायद्यासाठी नव्हे. परसात बांधलेल्या पक्ष्यावर शिकलेला कुत्रा शिकारी कुत्रा म्हणूनसुद्धा बिघडतो, पक्ष्याचे हाल होतात ते वेगळेच, आणि ज्या कसबासाठी हे सारे करायचे ते कसब पक्ष्याविना उत्तम शिकवता येते.

आधी परदेशात हे कसे चालते ते नीट समजून घेऊ. अमेरिकेत बॉबव्हाइट जातीचे लावे यासाठी फार वापरतात. हे लावे थव्याने राहतात आणि फाटाफूट झाली की एकमेकांना साद घालून पुन्हा एकत्र येतात. शिकवणारे त्यांच्या या सवयीचा उपयोग करतात. रानाच्या कडेला जाळीचे खुराडे ठेवतात आणि त्याला आत येता येईल पण बाहेर जाता येणार नाही अशी निमुळती वाट ठेवतात. निम्मे लावे बाहेर सोडायचे, निम्मे आत ठेवायचे. दिवसभर कुत्रा बाहेरच्या लाव्यांवर काम करतो. संध्याकाळी आतले लावे साद घालू लागतात आणि बाहेरचे एकेक करून त्या वाटेने आत परततात. कबुतरे तर आपसूकच खुराड्यात येतात. याशिवाय स्प्रिंगच्या पेट्या असतात. पेटी गवतात लपवतात, आत पक्षी असतो. कुत्र्याला वास लागला आणि तो थांबला तर काहीच घडत नाही. पण एक पाऊल जरी पुढे टाकले, तरी शिकवणारा दुरून बटण दाबतो, पेटी उघडते आणि पक्षी भुर्रकन उडून जातो. कुत्र्याला पक्षी मिळतच नाही. असे पुन्हा पुन्हा घडले, की झडप घालून हाती काही लागत नाही, थांबले तरच पुढचे काम होते, हे त्याच्या अंगात मुरते. म्हणजे जिवंत पक्षी वापरून तिथे कुत्र्याला पक्षी पकडायला शिकवत नाहीत, न पकडायला शिकवतात. या साऱ्या कसरतीचे मर्म तेवढेच आहे, आणि नक्कल करताना नेमके तेच निसटते.

कारण आपल्या परसात काय होणार? एकरांचे मोकळे रान नाही, साद घालून परतणारा थवा नाही, पेटी नाही आणि बटणावर अचूक क्षणी बोट दाबणारा अनुभवी हातही नाही. उरतो तो पायाला दोरा बांधलेला किंवा पंख कापलेला एक पक्षी. तो उडू शकत नाही. कुत्रा वास घेतो, क्षणभर थबकतो, मग झेपावतो, आणि पक्षी त्याच्या तोंडात जातो. एवढ्या एका यशाने कुत्रा जे शिकतो ते पुसायला महिने लागतात. यापुढे पक्ष्याचा वास म्हणजे झडप घालण्याची खूण. रिट्रिव्हरचे तर तोंडच कठीण होते. जो जीव अलगद धरायचा, तो दाबून धरण्याची चटक लागते. पुढे शेजाऱ्याच्या गावठी कोंबड्या आणि त्यावरून होणारी भांडणे यायला वेळ लागत नाही. दुसरीही एक खोट आहे, ती शिकवणारे जाणकार नेहमी सांगतात. हाताने नेऊन ठेवलेल्या पक्ष्याला माणसाचा वास लागलेला असतो, आणि ठेवणाऱ्याच्या पावलांचा मागही तिथवर गेलेला असतो. हुशार कुत्रा पक्षी हुडकण्याऐवजी मालकाच्या पावलांचा माग काढत थेट तिथे पोचतो. मालकाला वाटते, काय नाक आहे! प्रत्यक्षात नाकाला काही नवे शिकवलेलेच नसते.

आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे काय? लावा हा जमिनीवर राहणारा, अंगापिंडाने गोल, जेमतेम मुठीत मावेल एवढा पक्षी. धोका जाणवला की तो आधी निपचित दबून बसतो, आणि अगदीच जवळ आले की सरळ उभा, बाणासारखा वर उडतो. मोकळ्या रानात हीच युक्ती त्याला वाचवते. पिंजऱ्यात मात्र तो प्रत्येक भेदरल्या क्षणी छताच्या जाळीवर डोके आपटतो. म्हणून जाणते पालनकर्ते पिंजऱ्याचे छत अगदी बुटके ठेवतात किंवा वरून मऊ जाळी लावतात. आता त्याच पिंजऱ्याशेजारी, त्याच अंगणात, रोज नाक लावणारा कुत्रा बांधा. डोक्यावरची कातडी सोललेला, पिसे उडालेला, कोपऱ्यात दबलेला लावा दिसायला फार दिवस लागणार नाहीत. त्यात रोगांचे भय आहे. कोंबड्यांच्या ज्या रोगाला आपल्याकडे मानमोडी किंवा राणीखेत म्हणतात, तो एका परसातून दुसऱ्या परसात सहज पसरतो. देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या नवापूरला झाला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि पालनकर्त्यांचे कंबरडे मोडले. ज्या गावात घरोघरी चार कोंबड्या आहेत, तिथे कुठून आणलेत ते ठाऊक नसलेले पक्षी हौसेखातर आणून ठेवणे हा शेजाऱ्यांच्या पोटावर घातलेला घाला आहे.

कायद्याची बाजू लोकांना अर्धीच माहीत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना घेऊन काही प्राण्यांची आणि पक्ष्यांची शिकार करायची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती मोडीत निघाली. तेव्हापासून आपल्या देशात हौसेची शिकार नाहीच. मोर, रानकोंबडा, चकोत्री, तितर, रानातला लावा, भातशेतात हिवाळ्यात उतरणारा पाणलावा, हे सारे संरक्षित आहेत. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. पकडणे, फास लावणे, सापळा लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सगळे त्यात येते. घरट्याला किंवा अंड्यांना हात लावणेही येते. पकडलेला वन्यजीव सरकारची मालमत्ता ठरतो. मी पकडला नाही, विकत घेतला, ही सबब तिथे चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमाही वाढवल्या, सर्वसाधारण गुन्ह्याला आता तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे झाले रानपक्ष्यांचे. पण पाळीव पक्ष्यालाही कायदा वाऱ्यावर सोडत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात एक पोटकलम आहे. केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य बनवणे, हा त्यानुसार गुन्हा आहे. त्याच कलमात कैदेतून सोडलेल्या प्राण्यांवर नेमबाजीच्या स्पर्धा भरवायलाही मनाई आहे. दोरा बांधलेला लावा आणि त्यावर सोडलेला कुत्रा, याहून नेमके उदाहरण कुठले? या कायद्यातला दंड मात्र आजही हास्यास्पद आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पण दंड थोडा म्हणून कृत्य लहान ठरत नाही. ती कायद्यातली उणीव आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

यावर पहिला आक्षेप येतो तो बटेरांचा. जपानी बटेर हा पाळीव पक्षी आहे, १९७४ मध्ये तो आपल्या देशात आणला गेला आणि उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगर इथल्या संशोधकांनी त्याच्या पालनाचा पाया घातला. सतरा-अठरा दिवसांत अंडी फुटतात, सहा-सात आठवड्यांत मादी स्वतः अंडी घालू लागते. त्याचे मांस हॉटेलात मिळते. मग जो पक्षी खायला चालतो, तो शिकवायला का चालत नाही? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. खाण्यासाठी मारणे आणि करमणुकीसाठी पुन्हा पुन्हा भेदरवणे, यांत कायद्याने केलेला भेद मला योग्य वाटतो. एकात गरज आणि एक क्षण असतो, दुसऱ्यात प्राण्याची भीती हीच वापरायची वस्तू होते. मांसाहारी माणसालाही हा भेद मान्य करायला अडचण नसावी. दुसरी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा रानटी लावा आणि पिंजऱ्यातली बटेर दिसायला इतके जवळचे, की सामान्य माणसाला ते वेगळे ओळखता येत नाहीत. गिऱ्हाईक तयार झाले, की पालनाच्या नावाखाली रानातले लावे धरून विकणाऱ्याला दार उघडते. शिवाय पाळीव बटेर या कामाला मुळातच कमी पडते. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढल्याने ती रानातल्या लाव्यासारखी दबत नाही आणि तशी उडतही नाही. म्हणजे पक्ष्याला त्रास देऊनही कुत्रा रानचा धडा शिकत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि पलीकडे सिंधुदुर्गात पारध ही जुनी गोष्ट आहे, गावठी कुत्रे घेऊन माणसे रानात शिरत, हे खरे. मराठी मुलखात शिकारी कुत्र्याला मानही मोठा. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांवर टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीट काढले. पण या परंपरेत पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर कुत्रा शिकवण्याला जागा कुठे आहे? मुधोळचा कुत्रा नजरेने भक्ष्य हेरतो आणि पळून गाठतो, त्याला लाव्याचा वास देऊन थांबवण्याचा प्रश्नच नसतो. पारधीतला गावठी कुत्रा मोठ्या कुत्र्यांच्या मागे धावत शिकायचा. लाव्या-तितरांचे खरे जाणकार म्हणजे फासेपारधी. ते फासे लावून पक्षी धरत, आवाज काढून बोलावत, आणि ते त्यांच्या पोटासाठी होते. ब्रिटिशांच्या कायद्याने त्यांच्यावर गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला तरी संशय गेला नाही. आज वाशीम-अकोला भागात त्याच समाजातली माणसे ‘संवेदना’ या संस्थेबरोबर माळराने आणि तणमोर राखण्याचे काम करतात. ज्यांचे जगणेच शिकारीवर होते त्यांनी वाट बदलली, आणि ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी परंपरेचे नाव घेऊन हौस भागवावी, हे मला पटत नाही. गोव्याला असा प्रश्न नवा नाही. रेड्या-बैलांच्या झुंजीची धिरयोही परंपराच होती, तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ मध्ये ती बेकायदा ठरवली.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. काजू-नारळाच्या बागायतीत रानडुक्कर आणि माकडे शिरतात, भाजीच्या वाफ्यात मोर उतरतात. २०१६ मध्ये गोव्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांनी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत मोराचाही विचार बोलून दाखवला, तेव्हा देशभर गदारोळ झाला. पण नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख त्या गदारोळात कुणी फारसे ऐकले नाही. बागायतदाराला कुत्रा हवाच. पण कोणता? राखणीच्या कुत्र्याने भुंकावे, हाकलावे आणि कुंपणापाशी थांबावे. शिकारीच्या चटकेचा कुत्रा कुंपण ओलांडून रानात जातो, डुकराच्या सुळ्याने फाडला जातो किंवा बिबट्याच्या तोंडी जातो, आणि इकडे बागायत उघडी पडते. म्हणजे शेतीच्या नावाने लाव्यावर कुत्रा शिकवणारा माणूस शेतीला नको असलेलाच कुत्रा तयार करतो. नुकसान हाताबाहेर गेले, तर उभ्या पिकाला धोका करणाऱ्या काही प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाकडून परवानगी मागायची वाट कायद्यातच आहे. ती सोपी आणि जलद व्हावी यासाठी शेतकऱ्यांनी आवाज उठवावा, त्यात मी त्यांच्या बाजूला आहे.

या सगळ्याला मांद्रेच्या भूगोलाची एक कडा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काजूचे डोंगर आणि कातळाचे सडे. रानकोंबडी, चकोत्री, लावा, मोर, सारे जमिनीवरच अंडी घालतात, बहुधा झुडपाच्या बुडाशी, पाचोळ्यात उकरलेल्या उथळ खळग्यात. सडे आधीच आक्रसत चालले आहेत. मांद्रेच्याच पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. उरलेल्या झुडपांत पक्ष्यांना हुडकण्यात तरबेज केलेला कुत्रा मोकळा फिरला, तर एका हंगामाची घरटी संपायला तो एकटा पुरे. कुत्र्यांचा वन्यजीवांवर काय परिणाम होतो, याची भारतातली माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकत्र केली आहे. त्यात कुत्र्यांनी हल्ला केलेल्या ८० जाती नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या ३१ जगभरात संकटात असलेल्या होत्या. मांद्रे, आश्वे, मोरजीच्या वाळूत तर ऑलिव्ह रिडली कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्ले बाहेर यायला दीड ते दोन महिने, आणि त्या काळात वाळू उकरणारा कुत्रा हा तिथला सर्वांत मोठा शत्रू.

मग कुत्र्याची उपजत वृत्ती मारून टाकायची का? मुळीच नाही. पक्ष्यांसाठी घडलेल्या कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधणे हीसुद्धा क्रूरता आहे, आणि ती आपल्याकडे सर्रास चालते. त्याच्या नाकाला काम हवे. ब्रिटनमध्ये या जातींच्या कसोट्या होतात, त्यांतला एक संपूर्ण प्रकार केवळ कॅनव्हासच्या डमीवर चालतो, तिथे एकही पक्षी नसतो. घरी ती डमी करणे सोपे आहे. जाड कापडाची वीतभर लांब पिशवी घ्यावी, त्यात काथ्या भरावा, आणि वर घरच्या कोंबडीची गळलेली पिसे शिवावीत. आधी कुत्र्याला बसवून डमी त्याच्या डोळ्यांदेखत फेकावी आणि सांगितल्याशिवाय त्याने उठू नये एवढेच शिकवावे. हे पक्के झाले की डमी गवतात लपवावी आणि कुत्र्याला वाऱ्याच्या तोंडाने तिकडे न्यावे, म्हणजे वास त्याच्याकडे वाहत येईल. मान वळते, शेपूट ताठ होते, नाकपुड्या थरथरू लागतात, कधी पुढचा एक पाय अधांतरी राहतो. त्या क्षणी त्याला थांबवून शाबासकी द्यायची. थांबणे, हुकमाची वाट पाहणे, अलगद धरणे आणि आणून हातात देणे, सगळे यात येते. उडणाऱ्या पक्ष्यासमोर स्थिर राहणे तेवढे डमीवर शिकता येत नाही, हे मी मान्य करतो. पण जिथे शिकारच नाही, तिथे त्या शेवटच्या धड्याची गरज कोणाला आहे?

उलट, याच नाकाने पक्षी वाचवल्याचा इतिहास मोठा आहे. न्यूझीलंडमध्ये १८९४ मध्ये रिचर्ड हेन्री हा रेझोल्यूशन बेटाचा रखवालदार झाला. किवी आणि काकापो हे न उडणारे पक्षी शोधायला त्याने तोंडाला मुसके बांधलेला कुत्रा वापरला आणि शेकडो पक्षी सुरक्षित बेटावर हलवले. पुढे स्टोट नावाचा मुंगसासारखा शिकारी प्राणी पोहत त्या बेटावर पोचला आणि त्याचे श्रम वाया गेले. पण पद्धत टिकली. आज तिथल्या सरकारी संवर्धन खात्याचे प्रशिक्षित कुत्रे हेच काम करतात. आपल्याकडे २००८ पासून ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांच्या उपक्रमात तयार झालेले कुत्रे वनखात्यांना वाघ-बिबट्यांची चोरटी कातडी आणि हाडे हुडकून देतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या पाद्रे बेटावर रिडली रेंजर नावाच्या कुत्र्याने केम्प्स रिडली कासवांची अशी घरटी शोधून दिली, ज्यांच्या खुणा वाऱ्याने पुसल्या होत्या. ती आपल्या ऑलिव्ह रिडलीची सख्खी भावंडे. गोव्यात असे काम वनखात्यानेच, त्याच्या देखरेखीखाली आणि प्रशिक्षित कुत्र्यांकडूनच करावे. हौशी मालकाने घरचा लॅब्रॅडॉर घेऊन घरटी शोधायला जाऊ नये. पण २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालेल्या या राज्याला कुत्र्यांच्या बाबतीत शिस्तीचे काम जमते, हे त्याने दाखवून दिले आहे. मोरजी आणि मांद्रेसाठी असा एखादा प्रयोग वनखात्याने करून पाहावा, अशी माझी मागणी आहे.

तोवर आपल्या हाती असलेले तरी करूया. लावा, तितर किंवा रानकोंबडीची पिल्ले कोणी विकायला आणली तर घेऊ नका आणि वनखात्याला कळवा. नोव्हेंबरपासून कासवांचा हंगाम संपेपर्यंत किनाऱ्यावर कुत्रा पट्ट्याविना सोडू नका. काजूच्या डोंगरात त्याला फिरवायचे असेल, तर घरट्यांच्या दिवसांत तिथेही पट्टा हातातून सुटू देऊ नका.